मैत्रीण आवडते, पण नुसती मैत्रीण म्हणून नाही. बारावीत आहे, काय करावं कळत नाही

काळी_चार

नमस्कार. इथे मी बरेच दिवस वाचनमात्र आहे. हा आयडी या धाग्यापुरताच काढलाय. आमची एक मावशी इथे पाककृतींमध्ये रोज असते, त्यामुळे गाव-शाळा काही लिहीत नाही. फोंडा तालुका एवढं पुरे. वय १७, बारावी कॉमर्स.

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. सगळ्या काकी, मावश्या, एक आजी, आणि त्यांत आम्ही दोघीच शाळेतल्या. मी गाते, ती पेटीवर. तिला इथे पेटीवालीच म्हणते. पाचवीपासून एका वर्गात आहोत, एकाच बसने येतो-जातो, शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात सराव, एकादशीला भजन, चवथीत घरोघरी. म्हणजे दिवसातला झोपेचा वेळ सोडला तर ती आहेच. म्हणून हे कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. कळलं कधी ते सांगते.

गेल्या पावसात माझा घसा बसला होता. घरी सांगितलं असतं तर सरावाला पाठवलं नसतं, म्हणून गप्प राहिले. आम्ही काळी चारमध्ये गातो. मी पहिला आलाप घेतला आणि तिने माझ्याकडे न बघता, कोणाला न विचारता सूर पांढरी पाचवर आणला. अर्धा सूर खाली. पखवाजवाली काकी भडकली, कारण तिला पुन्हा हातोडी घेऊन पखवाज उतरवायला लागला, कणीक वाळत चालली होती, ती करवादत होती. पेटीवाली म्हणाली, "आज पेटीचा तो सूर बरोबर बोलत नाही काकी." खोटं. पेटी ठणठणीत होती. त्या दिवशी मी सगळे अभंग नीट गायले आणि घरी येऊन रडले, आणि का रडले ते मला समजेना.

मग चवथीत एका घरी रात्रीचं भजन होतं. गवळण नेहमी मोठी काकी म्हणते, पण तिच्या सुनेचे दिवस भरत आलेले, ती आली नाही. मला म्हणायला लावली. गवळणीत राधा तक्रार करते ना, की वाटेत अडवतोस, घागर फोडतोस, आणि सगळ्यांना माहीत असतं की तिला अडवलेलं हवंच आहे. मी समोर बघून गायले तर समोर ती, माटोळीच्या खाली, वर त्या मांडवाला कांगलांची फळं नि नारळ लोंबतायत, आणि ती भाता मारत माझ्याकडे बघून हसतेय. हसणं साधंच होतं. "छान चाललंय" असं. पण माझा शब्द चुकला. पुढचं कडवं कोरसने उचललं म्हणून निभावलं.

आता मला ज्याचा त्रास होतो ते. गोव्यात काय किंवा कुठे काय, मुलगा-मुलगी स्टॉपवर बोलत उभी राहिली की कंडक्टरपासून फुलवालीपर्यंत सगळे बघतात. आम्ही दोघी हातात हात घालून म्हार्दोळच्या जत्रेत फिरलो तर कोणी ढुंकून बघत नाही. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपते. माझे केस विंचरून देते. "लग्न झालं तरी आपण शेजारीशेजारी घरं बांधूया" असं म्हणते, जसं सगळ्याच मुली म्हणतात. तिच्यासाठी ते जे आहे ते माझ्यासाठी नाही, हे तिला माहीत नाही. तिला माहीत असतं तर तिने डोकं ठेवलं असतं का? मी तिला फसवतेय असं मला वाटतं. हा विचार आला की मी बसमध्ये मुद्दाम दप्तर मध्ये ठेवते. मग ती विचारते, रागावलीस का.

नववीत मला वर्गातला एक मुलगा "आवडायचा". आता आठवून बघते तर तो आवडतो हे बाकीच्या मुलींना सांगताना किती मजा यायची ते आठवतं. तो स्वतः फारसा आठवत नाही. शर्टाची बाही दुमडायचा. बस. म्हणजे मग मी काय? तेव्हाचं खोटं होतं की आत्ताचं? की दोन्ही खरं असतं?

घरी बोलण्याची सोय नाही. समलिंगी लग्नाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टीव्हीवर चालला होता तेव्हा पप्पा म्हणाले, "शहरातल्या लोकांना कामं नाहीत," आणि चॅनल बदललं. आई काही बोलली नाही, ती भाकरी थापत होती. आई माझा फोन बघते. वाईट मनाने नाही, बघते.

बारावीनंतर पेटीवालीला पणजीला संगीत महाविद्यालयात जायचंय. मी इथेच बी.कॉम. करणार बहुतेक. म्हणजे हे काही महिनेच आहेत. तिला सांगू का? सांगितलं आणि तिने मंडळ सोडलं तर? आणि गोव्यात असं कोणी आहे का, ज्याच्याशी बोललं तर ते गावात पोचणार नाही? आमच्याकडे फोंड्याला शिंकलं तर कवळ्याला ऐकू जातं.

---

बार्देसकर

बाळ, या वयात असं आकर्षण होतं, सगळ्यांनाच होतं, आणि जातंही. बारावीचं वर्ष आहे. बोर्ड डोक्यावर आलंय. मोबाईल बाजूला ठेव, मंडळाचा सराव दोन महिने बंद कर, अभ्यासात मन घाल. परीक्षा झाली की हे सगळं आठवून हसू येईल. लोभ असावा.

---

निव्वळ_वाचक

काका, तिने अभ्यासाचं विचारलेलंच नाही.

---

काळी_चार

बार्देसकर काका, अकाउंट्सला प्रीलिममध्ये ८१ आहेत. अभ्यास चालू आहे. सराव बंद केला तर उलट घरी संशय येईल की हिचं काय बिनसलं.

---

सुरंगी

बाय, तुझं "फसवतेय" वाचलं आणि लॉगिन केलं. इथे मी सहसा लिहीत नाही.

मी डिचोली तालुक्यातली. आता छत्तिशी. पर्वरीला राहते, माझ्या जोडीदाराबरोबर. तीही बाई आहे. हे आधी सांगते म्हणजे पुढचं कुठून बोलतेय ते कळेल. पण मी तुला माझी प्रेमकथा सांगायला आले नाही. मी त्या दुसऱ्या बाजूला होते, ते सांगायचंय. म्हणजे पेटीवालीच्या जागी.

कॉलेजला मी चोडणमार्गे जायचे, फेरीबोटीने रायबंदरला उतरून पुढे पणजी. माझ्याबरोबर एक मुलगी असायची, आमच्याच बाजूची. एका सकाळी तिने मला फेरीबोटीत सांगितलं की तिला मी आवडते. कसं आवडते तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता. बोट मध्यावर. समोर मोटरसायकली उभ्या, त्यांच्यात माशांची एक टोपली, आणि मला कुठे बघावं कळेना म्हणून मी त्या टोपलीकडे बघत राहिले. बांगडे होते. आजही सांगू शकते वरचे कसे रचले होते ते.

मला ती तशी आवडत नव्हती. आपण स्वतः कोण आहोत हेही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, ते फार पुढे कळलं आणि वेगळ्याच माणसामुळे कळलं. पण तू विचारतेस तेवढ्यापुरतं सांगते: आपल्याला फसवलं असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. त्याआधी ती माझ्या खांद्याला टेकून बसायची, माझा डबा खायची, पावसात एका छत्रीतून यायची. ते सगळं मी मागे जाऊन पुसलं नाही. त्यातलं काहीही तिने चोरून घेतलं नव्हतं. मी दिलं होतं, मला द्यावंसं वाटलं म्हणून. तिला त्यात जास्त काही मिळत असेल तर मिळो, माझं त्यात काय गेलं? मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की ही इतके दिवस हे एकटी घेऊन माझ्याशी परीक्षेच्या नोट्सबद्दल बोलत होती.

आणि खरं दुखलं ते नंतरचं. सांगून झाल्यावर ती माझ्यापासून लांब बसायला लागली. मी लांब केलं नव्हतं. तिनेच ठरवून टाकलं की मला आता नको असेल. तू दप्तर मध्ये ठेवतेस ते वाचून मला ती आठवली. दप्तर काढ मधून. तिला झोपायचं असेल तर झोपू दे, तुला नको असेल त्या दिवशी खिडकीपाशी बस. बाकी तुझ्या मनात काय आहे ते तुझं आहे, त्याचा हिशेब तिला देणं लागत नाहीस.

सांगायचं का? मी असते तर परीक्षेआधी नाही. अभ्यासासाठी नाही म्हणत मी (बार्देसकर, रागावू नका). ती "नाही" म्हणाली, किंवा "मला विचार करू दे" म्हणाली, तर तुला रोज त्याच वर्गात, त्याच बसमध्ये, त्याच मंडपात तिच्यासमोर बसायचं आहे आणि घरी तोंड पाडून बसायची सोय नाही. ते झेपणारं असेल तेव्हा सांग. आणि सांगशील तेव्हा अशा जागी सांग की तिला "मी जरा येते" म्हणून उठून जाता येईल. फेरीबोटीत नको, पेटीसमोर तर नकोच. उत्तर मागू नकोस त्याच दिवशी. पण त्याआधी एका तरी तिसऱ्या माणसाला हे माहीत असू दे, म्हणजे ती काहीही म्हणाली तरी तुला रडायला एक दार असेल. माझ्या त्या मैत्रिणीला तसं दार नव्हतं. मीच प्रश्न आणि मीच खांदा, असं कसं चालेल?

नववीतला मुलगा खरा की ही खरी, हे आज ठरवायला तुला कोणी फॉर्म दिलेला नाही. काही जणींना फक्त मुली आवडतात, काहींना दोन्ही, काहींना ठरायला पंचविशी उजाडते. मला उजाडली.

आता पुढच्या आयुष्याचं, कारण तुझ्या वयात मला तेच कोणी सांगायला नव्हतं. मी कॉलेजात असताना ३७७ कलम होतं, म्हणजे असं नातं गुन्हाच. २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केलं, डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्यापुरतं कायमचं काढलं. त्या दिवशी मी ऑफिसात होते, पणजीला, आणि कोणाला सांगावं कळेना म्हणून खाली जाऊन चहा प्यायले. लग्नाचं मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाही म्हणाले, तोच तुझ्या पप्पांनी बदललेला चॅनल.

आपल्याकडे लग्न म्हणजे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या सह्या, हॉल आणि भटजी नंतर. पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा, हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान सगळ्यांना तोच. माझ्या भावाच्या सह्यांना साक्षीदार मी होते. माझ्या नि हिच्या सह्या शेजारीशेजारी आहेत त्या भाडेकरारावर आणि बँकेच्या जॉइंट खात्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्टच केलं की असं जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. त्याआधीही बँकेला कोणी विचारत नव्हतं, दोन बाया म्हणजे बहिणी असं धरून चालायचे. आता विचारलं तर आम्ही सांगतो.

आईला माहीत आहे. बोलत नाही. पण वर्षाची आमसुलं आणि मिरची दोघींच्या नावाने येते, आणि बरणीवर चिकटपट्टी लावून हिचं नाव तिच्याच अक्षरात लिहिलेलं असतं. एवढ्यावर आमचं बरं चाललंय. सगळ्यांचं एवढंही होत नाही, उगाच गोड सांगणार नाही.

---

दुसरी_घंटा

मी गोव्यात शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. सुरंगी यांनी मनाचं लिहिलंय, मी कोरडं लिहिते.

काळी_चार, तुझ्या उच्च माध्यमिकमध्ये समुपदेशक येत असतील तर आधी त्यांच्याकडे जा. गोव्यात बऱ्याच शाळांत येतात, वार ठरलेला असतो. आत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचार: "मी इथे बोलले त्यातलं काय घरी सांगितलं जातं, काय मुख्याध्यापकांना?" हा प्रश्न उद्धट नाही. आम्हाला तो अपेक्षित असतो. साधारण नियम असा की तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला इजा करत असेल तर आम्हाला गप्प बसता येत नाही. तुला कोण आवडतं हे त्यात बसत नाही. समोरच्याने गुळमुळीत उत्तर दिलं तर त्या दिवशी अभ्यासाचा ताण एवढंच सांगून परत ये. माणूस पारखायचा हक्क तुलाही आहे.

फोनवर बोलायचं असेल तर १४४१६. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ आहेच. आई फोन बघते म्हणतेस, म्हणून कॉल लॉगचं आधी ठरव. पुसून टाकशील किंवा शाळेतून लावशील. गोव्यात संगाथ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते, तरुण मुलांबरोबरही. आपल्याकडे "बांबोळीला ने तिला", म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, ही शिवी आहे ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच लोक वेळेवर जात नाहीत. पण तुझ्या प्रश्नासाठी इस्पितळ लागतच नाही.

कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच जाहीर सांगितलं. हे तुला पुढे उपयोगी पडेल, कारण घरी कधी कळलं तर कोणीतरी हमखास म्हणेल की अमुक डॉक्टर "बरं करतात". मद्रास उच्च न्यायालयाच्या एका खटल्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. असं कोणी डॉक्टर करत असेल तर त्याची तक्रार होऊ शकते. देवदेवस्की, कौल, अंगारा यांच्याबद्दल आयोग काही करू शकत नाही, तिथे तुझी एखादी खमकी आत्या किंवा मामी लागेल. आत्तापासून हेरून ठेव कोण आहे ती.

अजून एक. या धाग्यानंतर तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतील. "मीही तशीच आहे, नंबर दे", "भेटू". एकालाही उत्तर देऊ नकोस, बाई असल्याचं म्हणणाऱ्यांनाही नाही. इथे उघड्यावर जे बोलता येईल तेवढंच बोल. संपादकांना विनंती, तिचा व्यनि बंद करता आला तर बघा. आणि मंडळ, बस, पखवाजवाली काकी एवढ्यावरून ओळखणारं ओळखेल, तेव्हा नको वाटलं तर पहिला मजकूर कमी करून घे.

खूप अंधारून आलं, जगणं नको वाटलं, असं कधीही झालं तर वाट न बघता तोच १४४१६. तसं तुझ्या लिहिण्यात मला दिसत नाही, तरी लिहून ठेवते.

---

टाळकरीण

मी ६१ वर्षांची, भजनी मंडळात टाळ वाजवते. तुमच्या नाही, काळजी नको, मी पेडण्याकडची. मला त्या कायद्यांतलं काही कळत नाही. मंडळातलं कळतं.

पोरी, तुला वाटतं तेवढ्या काकी आंधळ्या नसतात. तुमची पखवाजवाली करवादली म्हणतेस. पेटीचा सूर बरा आहे की नाही हे पखवाजवालीला कळत नाही होय? इतकी वर्षं त्याच पेटीबरोबर वाजवतेय. तिला कळलं होतं की घसा तुझा बसलाय आणि पेटीवाली झाकतेय. करवादत का होईना, उतरवला ना तिने? तुमचं बाकीचं काय तिला कळलंय ते मी सांगू शकत नाही. पण मंडळातल्या एखादीला उमजलं असेल आणि ती गप्प असेल तर मला नवल वाटणार नाही. आमच्याकडेही दोघी होत्या, एक विधवा आणि एक बिनलग्नाची. एकत्र यायच्या, एकत्र जायच्या, पंढरीला एकाच वळकटीत निजायच्या. कोणी काही विचारलं नाही. काही असेल नसेल, मला माहीत नाही. एक गेली तेव्हा दुसरीने टाळ ठेवले ते ठेवले.

कळलं तर लोक बोलतील. बोलणारच. महिनाभर बोलतील, मग कोणाची तरी सून पळेल किंवा पंचायतीची निवडणूक लागेल.

बाकी गवळणी लिहिल्या कोणी? एकनाथ महाराजांनी लिहिल्या, तुकोबांनी लिहिल्या. दाढीमिशीचे पुरुष राधा नि गौळणी होऊन कृष्णाशी भांडले आणि आपण चारशे वर्षं टाळ कुटतोय त्याच्यावर. तेव्हा गवळण गाताना कोणाकडे बघून गायलीस याचं पाप-बिप काही घेऊ नकोस. शब्द मात्र चुकवू नकोस. स्पर्धेत गुण जातात.

---

बार्देसकर

मी माझा प्रतिसाद पुन्हा वाचला नाही, पण वरचे सगळे वाचले. सुरंगी, चोडणच्या फेरीत बांगडे कुठून आले? ती माणसं म्हापशाच्या बाजाराला जातात ना, उलट दिशेने?

---

सुरंगी

पणजीला घरोघरी विकायला न्यायची एक बाई. रोज. तुम्हाला संपूर्ण धाग्यातून एवढंच सापडलं काका?

---

काळी_चार

सगळ्यांना धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला, घरी पाहुणे होते.

दुसरी_घंटा मॅडम, समुपदेशक आमच्याकडे दर गुरुवारी येतात. आम्ही त्यांच्या खोलीत कधी गेलो नाही कारण बाहेर बाकावर बसायला लागतं आणि सगळी बघतात. पण करिअरसाठी फॉर्म भरायला म्हणून जाता येईल, ते सगळेच जातात. पहिला प्रश्न तुम्ही सांगितलात तोच विचारीन. व्यनि खरंच आले. उघडले नाहीत.

टाळकरीण आजी, पखवाजवाल्या काकीचं मला सुचलंच नव्हतं. काल सरावाला मी तिच्याकडे बघत होते तर म्हणाली, "काय गो, माझ्या तोंडावर अभंग लिहिलाय?" आता भीतीही वाटतेय आणि बरंही वाटतंय. आत्या-मामींत खमकी कोण हे शोधलं. एक मामी आहे, बोरीची. तिने स्वतःच्या सासऱ्यांना दारू सोडायला लावली होती, म्हणजे चालेल बहुतेक.

तिला आत्ता सांगणार नाही. परीक्षा होऊ दे, मंडळाची स्पर्धाही होऊ दे. नंतरचं नंतर. कदाचित तेव्हाही नाही सांगणार. दप्तर काढलंय.

सुरंगीताई, एकच विचारायचं होतं. त्या फेरीबोटीतल्या ताई लांब बसायला लागल्या म्हणालात. मग तुम्ही काय केलंत? परत बसल्या का कधी?

---

सुरंगी

बसली. मी रायबंदरला उतरल्यावर आधी पळत जाऊन बसमध्ये दोघींची सीट धरायला लागले. शेजारी बॅग ठेवायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, माणूस येतंय. लोक शिव्या घालायचे, कारण ती यायची आणि मागे उभी राहायची, आणि सीट पणजीपर्यंत रिकामी जायची. एक दिवस कंडक्टरच तिच्यावर ओरडला, की बस गो तिथे एकदाची, नाहीतर त्या बॅगेचं तिकीट काढ. तेव्हा आली. मला म्हणाली, सरक, खिडकी मला हवी.

आता ती बाणावलीला असते, तिच्या माणसाबरोबर, म्हणजे बाईबरोबर. जॉइंट खात्याचं परिपत्रक मला तिनेच पाठवलं होतं.